लेदरीच्या कांठीं पावसाचा एक दिवस

आमच्या वाड्यांत माशाचें नांव निघण्याचे प्रसंग फार थोडे. दशावतारांचें स्तोत्र म्हणतांना पहिला अवतार म्हणून, पंचांगांत मीन रास पाहतांना, आणि लहानपणीं अमरकोश पाठ करतांना 'झष, मत्स्य, मीन' असें घोकावें लागे तेव्हां. याहून अधिक सलगी चार पिढ्यांत कोणी केली नाहीं. आमचे सारस्वत स्नेही हें वाचून हंसतील. त्यांनीं खुशाल हंसावें. सांगावयाचें इतकेंच कीं, माझ्या पुतण्यानें दोन वर्षांपूर्वीं एक लहानशी चपटी डबी माजघरांत आणून उघडली तेव्हां घरांतील लहानथोर सर्व मंडळी तिच्याभोंवतीं कां जमली, हें वाचकांच्या ध्यानीं यावें.

डबींत साठसत्तर माशा ओळीनें लावून ठेविल्या होत्या. कोणी काळी, कोणी उदी, कोणी अगदीं गव्हाच्या तुसाएवढी. जवळून पाहिलें तेव्हां कळलें कीं, प्रत्येक माशी म्हणजे एक बारीक पोलादी गळ असून त्यावर कोंबड्याच्या मानेचें पीस, सशाची लव, मोराच्या पिसाचा एखादा तंतु आणि रेशमाचा दोरा इतक्या कौशल्यानें गुंडाळला आहे कीं, पाण्यावर बसलेली खरी माशीच वाटावी. धाकट्या सुनेला ते पदराला लावावयाचे अलंकार वाटले. आमच्या सौभाग्यवतींनीं मात्र सरळ विचारलें,

"हें काय रे?"

"काकू, ही खोटी माशी. पाण्यावर टाकली कीं मासा तिला खरी समजून धरतो."

"मग?"

"मग त्याला हळूहळू कांठाशीं आणायचें आणि गळ काढून सोडून द्यायचें."

"खायचा नाहीं?"

"आपण कुठें खातों?"

"मग छळायचा कशाला?"

पुतण्या गप्प बसला. मीही चष्मा पुसूं लागलों. डबीची रवानगी जिन्याखालच्या कोनाड्यांत झाली. स्वयंपाकघराच्या या बाजूस तिला मज्जाव झाला.

पुतण्या पुण्यास एका कारखान्यांत इंजिनियर आहे. नोकरीनिमित्त दोन वर्षें तो स्कॉटलंडांत होता आणि तेथें हें वेड त्याला लागलें. व्यसन म्हणावें तर तो दारूला शिवत नाहीं. छंद म्हणावा तर सौभाग्यवतींचा प्रश्न आडवा येतो. तो प्रश्न पुढें माझ्याही वांट्यास येणार आहे, हें मला त्या दिवशीं ठाऊक नव्हतें.

गेल्या वर्षीं आषाढांत त्याच्यासमवेत अमरनाथास जाण्याचा योग आला. पहलगामला पोहोंचलों आणि पावसानें गांठलें. वरची वाट निसरडी झाल्यामुळें यात्रा थांबविण्यांत आली; दोन दिवस मुक्कामावरच बसा, असा हुकूम झाला. सोलापूरकराला पावसाची तक्रार करण्याचा अधिकार नाहीं. आमच्याकडे तो पाहुण्यासारखा येतो आणि बहुधा पाहुण्याप्रमाणेंच पाय लावून लगेच जातो. पण सात हजार फुटांवरचा पाऊस निराळा. तो थंड, बारीक आणि चिवट. देवदारांच्या रांगांवर धुकें उतरलेलें, खालीं नदीचा अखंड घोष, आणि आम्ही दोघे कांबळीं पांघरून चहा पीत बसलेले.

ही नदी म्हणजे लिदर. एक प्रवाह शेषनागाच्या सरोवराकडून येतो, दुसरा कोलहोईच्या हिमनदाकडून. पहलगामला दोहोंचा संगम होतो आणि खालीं अनंतनागच्या बाजूस ती झेलमेस मिळते. कल्हणाच्या राजतरंगिणींत हिचें नांव लेदरी असें आहे आणि झेलम म्हणजे वितस्ता. पुस्तकांत जन्मभर शिकविलेलें नांव असें समोर वाहतांना पाहून मला जो आनंद झाला, तो पुतण्याला समजला नाहीं. आणि त्याला जो झाला होता तो मला समजला नव्हता. त्यानें मत्स्यखात्याचा परवाना आधींच काढून ठेविला होता.

येथें ट्राउट या माशाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. हा मासा काश्मीरचा नव्हे. महाराजा प्रतापसिंहांच्या कारकीर्दींत, १८९९ सालीं, इंग्लंडांतील ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनीं दिलेलीं अंडीं बर्फांत घालून पाठविण्यांत आलीं; तीं वाटेंतच नासलीं. दुसऱ्या वर्षीं स्कॉटलंडहून पुन्हां आणविलीं तीं जगलीं. फ्रँक मिचेल नांवाचे एक स्कॉच गृहस्थ श्रीनगरांत गालिच्यांचा कारखाना चालवीत. हा उपद्व्याप मुख्यतः त्यांचा. पुढें हारवन येथें अंडीं उबविण्याचें केंद्र झालें आणि तेथून हीं पिलें खोऱ्याच्या नद्यानद्यांतून पसरलीं. दक्षिणेंत नीलगिरीच्या ओढ्यांतही ट्राउट आहे. महाराष्ट्रांत मात्र नाहीं, आणि असणें शक्यही नाहीं. थंड पाण्यांत प्राणवायु अधिक विरघळतो आणि या माशाला तो भरपूर लागतो. बारा-पंधरा अंशांचें पाणी त्याला मानवतें, पंचविसाच्या जवळपास त्याचा जीव कासावीस होतो. ज्या गांवीं वैशाखांत पारा चाळिसाच्या वर चढतो तेथें त्यानें काय करावें?

दुपारीं आम्ही कांठावर गेलों. बरोबर तेथलाच एक वाटाड्या होता. वय माझ्याएवढें, अंगांत फिरन, बोलणें मोजकें. मी एका शिळेवर छत्री उघडून बसलों आणि पाहूं लागलों.

आपल्याकडे गळ टाकतात तेव्हां दोरीला शिसें बांधतात आणि त्या वजनानें दोरी लांब जाते. येथें गळावर पिसांची माशी. तिला वजन कसलें? म्हणून दोरीच जाड व जड केलेली असते आणि लवचीक काठीच्या फटक्यानें ती दोरीच हवेंत फेंकतात. तिच्या टोंकाच्या केसासारख्या पारदर्शक तंतूला बांधलेली माशी मागोमाग जाते. दोरी मागें नेल्यावर ती पाठीमागें पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावें लागतें. उतावीळ माणसानें आधींच पुढें ओढली तर सगळा गुंता पायांशीं. मीं मनांत मोजून पाहिलें. मागें लघु, थांबणें गुरु, पुढें लघु. वृत्त बिघडलें कीं माशी पाण्यावर धपकन् पडे. जमलें कीं पीस पडावें तशी पडे. चाळीस वर्षें मुलांकडून मात्रा मोजून घेतल्या, पण नदीच्या कांठीं त्यांचा असा उपयोग असेल असें वाटलें नव्हतें.

पहिल्या तासांत दोन लहान मासे लागले, तळहातापेक्षां थोडे मोठे, अंगावर गुलाबी पट्टा असलेले. ही दुसरी जात, इंद्रधनुष्यी. पुतण्यानें हात पाण्यांत भिजवून त्यांना धरलें आणि सोडून दिलें. कोरड्या हातानें धरलें तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला रोग जडतो, असें त्यानें सांगितलें. गळाला उलटा कांटाही नव्हता; तो त्यानें आधींच पकडीनें दाबून टाकलेला.

मग पाऊस वाढला. मला वाटलें, आतां घरीं चलावें. पुतण्या मात्र हंसला आणि म्हणाला, "काका, खरा वेळ आतां सुरू झाला."

त्याचें कारण त्यानें सांगितलें तें असें. मोठा ट्राउट हा फार सावध प्राणी. वर्षानुवर्षें जगला आहे तो उगीच नव्हे. निरभ्र दिवशीं तो खडकाच्या पोटाशीं दडून राहतो आणि सायंकाळनंतर चरावयास निघतो. वर उभ्या असलेल्या माणसाची सावलीच नव्हे, तर हालचालही त्याला पाण्याच्या स्वच्छ कांचेंतून दिसते. पाऊस पडला कीं ही कांच तडकते. थेंबांनीं पृष्ठभाग खडबडीत होतो, ढगांनीं उजेड मंद होतो, आणि पाणी किंचित् गढूळ झाल्यानें त्याला आडोसा मिळतो. शिवाय कांठावरचे किडे, गांडुळें, अळ्या पाण्यांत वाहून येतात. नदी जणूं ताट वाढते. म्हणून जो मासा दिवसा बाहेर पडत नाहीं तो अशा वेळीं मधला वेगवान प्रवाह सोडून कांठाजवळ, एखाद्या दगडाच्या मागें, जेथें पाणी संथ होतें तेथें येऊन तोंड वर प्रवाहाकडे करून उभा राहतो. मात्र हें सर्व एका मर्यादेपर्यंत. पाणी चहासारखें तांबडें झालें कीं त्याला कांहींच दिसत नाहीं. पाण्यांतून काड्या, पानें, फांद्या येऊं लागल्या कीं मासा सोडून आपलाच जीव सांभाळावा आणि कांठ सोडावा. डोंगरी नदी वर कोठें फुगली आहे हें खालीं बसलेल्याला कळत नाहीं. वीज चमकली तर काठी आधीं खालीं ठेवावी. ती ज्या कर्बाच्या तंतूंची असते त्यांतून वीज वाहते.

त्यानें बारीक माशी काढून टाकली आणि बोटाएवढी काळी, लांब पिसांची बांधली. गढूळ पाण्यांत काळी आकृति अधिक उठून दिसते, आणि मोठा मासा किड्यांपेक्षां लहान माशांवरच अधिक पोसतो; ही माशी म्हणजे खरें पाहतां मासोळीचें सोंग होतें. ती तो कांठाकडून तिरपी खालच्या अंगास टाकी आणि प्रवाह तिला कमानीसारखी फिरवून कांठाशीं आणी.

मी पाणी किती चढतें हें पाहण्यासाठीं समोरच्या एका दगडावर नजर ठेविली होती. अर्ध्या तासांत चार बोटें चढलें. त्या दगडाच्या मागच्या बाजूला मला एक लांबट काळी छाया दिसली. आधीं वाटलें, पाण्यांतलें लाकूड असावें. पण लाकूड वाहून जातें. हें जागच्या जागीं डुलत होतें. मध्येंच तें हातभर बाजूला सरकलें, कांहीं तरी टिपलें आणि पुन्हां मूळ जागीं आलें. पंधरावीस मिनिटें मी एकटाच तें पाहत होतों. त्या वेळीं मला कोण आनंद झाला म्हणून सांगूं! इतक्या थंड, वेगवान पाण्यांत तो प्राणी किती निश्चिंत उभा होता. अंगाची एक हालचाल फुकट नाहीं.

आणि मग मीं पुतण्याला हांक मारली.

हांक कां मारली, हें मला आजही नीट सांगतां येत नाहीं. वर्गांत एखाद्या मुलाला उत्तर येत नसलें आणि आपल्याला येत असलें म्हणजे तें ओंठांवर येतेंच. तसें झालें असावें. पुतण्या वांकून, जवळजवळ रांगत आला. दगडाच्या वर दहा हातांवर त्यानें माशी टाकली. पहिल्या खेपेस ती लांबून गेली. दुसऱ्या खेपेस छाया हलली, पण परतली. तिसऱ्या खेपेस दोरी थांबली. नुसती थांबली, झटका नाहीं, कांहीं नाहीं. पुतण्यानें काठी उचलली आणि ती पार मुठीपर्यंत वांकली.

पुढचीं दहा मिनिटें मी शिळेवर उभा होतों आणि छत्री कोठें गेली याची मला शुद्ध नव्हती. मासा खालीं पळाला कीं पुतण्या फिरकी सोडी. थांबला कीं दोन वेढे गुंडाळी. ओढावयाचें नाहीं, कारण तंतु इतका बारीक कीं एका हिसक्यानें तुटावा. आणि फार वेळही लावावयाचा नाहीं, कारण दमलेला मासा सोडला तरी मरतो. अखेर वाटाड्यानें पाण्यांत उतरून हातजाळें खालून घातलें. मासा माझ्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंत भरला, वर चार अंगुळें. पोट लोण्यासारखें पिवळें, पाठ शेवाळी, आणि कुशीवर कुंकवाचे ठिपके, प्रत्येकाभोंवतीं पांढुरकें वलय. "मादा है," वाटाड्या म्हणाला. नराचा खालचा जबडा वय झालें म्हणजे आंकड्यासारखा वळतो. हिचा तसा नव्हता.

पुतण्यानें गळ काढला, तिचें तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांनीं पाण्यांतच धरून ठेविलें. कल्ले पुन्हां नियमित हलूं लागले, तेव्हां हात सैल सोडले. ती क्षणभर तेथेंच राहिली, आणि मग नाहींशी झाली.

वाटाड्याला हें मुळींच आवडलें नाहीं. परवान्याप्रमाणें मासा ठेवण्यास हरकत नव्हती. घरांतल्या सर्वांस पुरेल एवढा तो होता. त्यानें माझ्याकडे पाहून हिंदींत विचारलें, "साहेब, खायचा नाहीं, तर मग धरला कशाला?" सोलापुरांतलें माजघर आणि लेदरीचा कांठ यांत दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर, प्रश्न अक्षरशः तोच. या खेपेस चष्मा पुसून भागणार नव्हतें, कारण मासा दाखविणारा मीच होतों. मीं त्याला सांगितलें, आम्ही ब्राह्मण, मासे खात नाहीं. तो हंसला. काश्मीरचे पंडित मासे खातात, इतकेंच नव्हे तर पौषांत गृहदेवतेस मासे आणि भात यांचा नैवेद्य दाखवितात, हें तो लहानपणापासून पाहत आला होता. माझें उत्तर त्याला पटण्याजोगें नव्हतेंच.

रात्रीं मुक्कामावर पुतण्यानें आपली बाजू मांडली. ट्राउटचीं अंडीं घालण्याचा काळ म्हणजे हिंवाळा, कार्तिकाच्या पुढें. त्या काळांत परवाने बंद असतात. आषाढ-श्रावणांत मासा फक्त खाऊन पुष्ट होत असतो, म्हणून पावसाच्या दिवशीं तो धरल्यानें वंशाचें नुकसान नाहीं. आणि मोठ्या मादीला सोडलें तर ती लहान मादीच्या कितीतरी पट अंडीं घालील. खेळाचे नियम पाण्याच्या स्वभावावरून ठरलेले आहेत, असें त्याचें म्हणणें. तें बोलणें सशास्त्र होतें. मी ऐकत होतों, पण माझें मन भीमेच्या कांठीं गेलें होतें.

चाळीस वर्षांपूर्वीं मी भीमेकांठच्या एका लहान गांवीं शाळेवर होतों. उजनीचें धरण नुकतेंच, १९८० सालीं, पुरें झालेलें. मृगाचा मोठा पाऊस होऊन ओढ्यांना पहिलें पाणी आलें कीं नदींतले मासे उलट्या दिशेनें ओढ्यांत, ओढ्यांतून नाल्यांत, कधीं कधीं शेतांत चढत. गांवकरी त्यांना चढणीचे मासे म्हणत. घोटाभर पाण्यांत हातहात लांबीचे मासे उसळ्या मारीत वर जात आणि लोक काठ्या, टोपल्या, धोतरें घेऊन धांवत. जाळें लागत नसे कीं गळ लागत नसे. त्या दिवशीं शाळा रिकामी पडे. मीही हजेरीच्या भानगडींत न पडतां सुटी देऊन टाकीं. एकदां सातवीतला एक मुलगा, कोळ्याचा, ओलाचिंब होऊन मला दाखवावयास म्हणून एक मोठा शिवडा घेऊन आला. पोट फुटलें होतें आणि शिजलेल्या राजगिऱ्यासारखीं अंडीं शाळेच्या फरशीवर सांडत होतीं. मीं त्याला "बाहेर ने, बाहेर ने" म्हणून ओरडलों आणि फरशी दोनदां धुऊन घेतली. दुसऱ्या दिवशीं त्याच वर्गाला मीं मनूची गोष्ट सांगितली. शतपथब्राह्मणांत ती आहे: ओंजळींतला चिमुकला मासा मनूला म्हणतो, मला मोठा होईपर्यंत सांभाळ, कारण मोठे मासे लहानांना गिळतात. मुलांना गोष्ट आवडली. आदल्या दिवशींच्या माशाची आणि या माशाची गांठ माझ्या मनांत पडली नाहीं. मी मासे खात नव्हतों, तेव्हां ती गोष्ट माझ्या कक्षेबाहेरची होती.

चढणीचा मासा वर जातो तो अंडीं घालण्यासाठींच. आपल्या नद्यांतल्या बहुतेक माशांचा विणीचा हंगाम पावसाळा. म्हणजे लेदरींत जो दिवस खेळाचा, तोच भीमेंत प्रसूतीचा.

परत आल्यावर मीं एक जुनें पुस्तक काढलें. सोलापुराहून हैद्राबादच्या सडकेनें, नळदुर्ग आणि उमरगा मागें टाकून गेलें म्हणजे सुमारें सव्वाशें किलोमीटरांवर कल्याण लागतें, हल्लींचें बसवकल्याण. चालुक्यांची ती राजधानी. तेथल्या तिसऱ्या सोमेश्वरानें इसवी सनाच्या बाराव्या शतकांत, ११३० च्या आसपास, मानसोल्लास नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. आमच्या सिद्धरामेश्वरांचें शतकही तेंच. वीस वीस अध्यायांच्या पांच विंशति, असे त्याचे शंभर अध्याय. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत तो तीन भागांत छापला गेला, पहिला भाग १९२५ सालीं श्रीगोंदेकरांनीं संपादिलेला. मराठीच्या अभ्यासकांना तो दोन कारणांनीं ठाऊक असतो: महाराष्ट्रांतल्या बायका कांडतांना ओंवी गातात असा त्यांत उल्लेख आहे, आणि दशावतारांच्या गीतांत मत्स्यावताराचे चरण त्या काळच्या मराठींत आहेत. तेवढें मीं वर्गांत अनेक वेळां सांगितलें असेल. पण चौथ्या विंशतींत राजानें वीस विनोद वर्णिले आहेत, मल्लांचा, गजांचा, कोंबड्यांचा, पारव्यांचा, श्येनाचा. आणि श्येनविनोद व मृगया यांच्या मध्यें मत्स्यविनोद आहे, तें पान मीं आयुष्यभर उलटून पुढें गेलों होतों.

तो अध्याय म्हणजे गळानें मासे धरण्याचें शास्त्र. सुमारें पस्तीस जातींचे मासे, समुद्रांतले आणि नदींतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, त्यांचे देह, त्यांचें खाणें, त्यांना चारा घालून जागेची संवय कशी लावावी, दोरी, काठी, गळ, आमिष, सर्व कांहीं आहे. आपल्या सिद्धेश्वर तलावावर लोक कणकेच्या गोळ्या टाकतात ती भूतदया. राजा टाकतो तो डाव. कलकत्त्याचे प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या अध्यायावर इंग्रजींत निबंध लिहून तो जगाच्या नजरेस आणला. इंग्रजींतलें गळाविषयींचें पहिलें छापील प्रकरण १४९६ सालचें आणि आयझॅक वॉल्टनचें सुप्रसिद्ध पुस्तक १६५३ सालचें, हें पाहिलें म्हणजे सोमेश्वर किती आधींचा हें कळतें. पिसांच्या माशीचा मान मात्र त्याचा नव्हे; मॅसिडोनियांतले लोक लाल लोंकर आणि कोंबड्याचीं पिसें गळास बांधून ठिपक्यांचे मासे धरतात असें एलियन नांवाच्या रोमन लेखकानें त्याच्याही बरेंच आधीं नमूद केलें आहे. आपल्याकडे सर्व कांहीं आधींच होतें असें म्हणण्याचा मोह आम्हां संस्कृतवाल्यांस फार. येथें तो आवरलेला बरा.

सोमेश्वराला आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न पडला नव्हता. त्याच्या अन्नभोगाच्या अध्यायांत मासे शिजविण्याच्या कृती आहेत. तो धरी आणि खाई. वाटाड्याला तो पसंत पडला असता.

भीमेच्या वरच्या अंगाला, मावळांतल्या उपनद्यांत, ट्राउटच्या तोडीचा एक मासा आहे: महाशीर. खवले मोठे, अंगावर तांबूस-सोनेरी झांक, आणि गळाला लागल्यावर त्याची ओढ अशी कीं विलायतेहून आलेले साहेबही त्यापुढें आपल्या नदींतले मासे विसरत. कर्नल साइक्स यानें पुण्याच्या मुळामुठेंतून मिळवून १८३९ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें आणि त्याला 'खुद्री' हें मराठी बोलींतलेंच नांव दिलें. देहू-आळंदीस इंद्रायणीच्या डोहांत भाविक लोक याच माशांना लाह्या-फुटाणे घालीत आले. देवाचे मासे म्हणून त्यांना कोणी हात लावीत नसे. हाही पावसाळ्यांतच वितो. पुराबरोबर वर चढून गोट्यांच्या, वाहत्या, स्वच्छ पाण्यांत मादी अंडीं घालते. आतां वाटेंत धरणें आलीं, गांवांचें सांडपाणी आलें. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीजकंपनीनें गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून याचीं अंडीं उबवून पिलें वाढविण्याचें काम चालविलें आणि तीं देशभर धाडलीं. त्यांतलीं कांहीं कावेरींत सोडलीं. तेथें तीं इतकीं माजलीं कीं कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर, ज्याचें शास्त्रीय नांव २०१८ सालीं कोठें निश्चित झालें, तो नाहींसा होण्याच्या पंथास लागला. लिदरींत स्कॉटलंडचा मासा परका, कावेरींत आमच्या मुळामुठेचा.

हें सर्व पुतण्याला वाचून दाखविलें, तेव्हां त्यानें मला सांगितलें कीं तो पावसाळ्यांत महाशीरासाठीं मावळांत जात नाहीं, कधींच गेला नाहीं, हिंवाळ्यानंतर जातो. मीं कधीं विचारलें नव्हतें, म्हणून त्यानें सांगितलें नव्हतें.

तो कोळ्याचा मुलगा आतां पन्नाशी उलटलेला आहे. उजनीच्या जलाशयावर त्याची होडी आहे, आणि दर वर्षीं गुरुपौर्णिमेस तो मला भेटावयास येतो. यंदा आला तेव्हां सोलापुरावर ढगाचा ठिपका नव्हता, पण पुणें-मावळाकडच्या पावसानें भीमेला पाणी येऊं लागलें होतें. चहा झाल्यावर मीं त्या शिवड्याची आठवण काढली. त्याला ती चांगली होती. मीं ओरडलों होतों हेंही होतें.

"गुरुजी, तुम्हीं तवा मला अंड्यांवरून रागवला असं वाटलं होतं," तो म्हणाला.

"नाहीं रे, फरशी घाण झाली म्हणून."

तो थोडा वेळ कांहीं बोलला नाहीं. मग सांगूं लागला कीं चढणीला आतां पूर्वीसारखे मासे येत नाहींत. ओढ्याच्या तोंडाशींच लोक बारीक जाळीं आडवीं लावतात, डांसांच्या जाळीसारखीं, त्यांतून बोटाएवढें पिलूं सुटत नाहीं. तो स्वतः पहिल्या पाण्याला पंधरा दिवस जाळें टाकत नाहीं, पण त्याचा शेजारी टाकतो, आणि बाजारांत गाभोळीच्या माशाला भाव अधिक मिळतो. "मी थांबलो म्हणून मासा थांबतोय होय?" असें त्यानें मलाच विचारलें.

सौभाग्यवती दाराशीं उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आंत गेल्या आणि त्याच्या मुलांसाठीं लाडवांचा डबा भरून घेऊन आल्या. जातांना त्यानें जिन्याखालच्या कोनाड्यांतली ती चपटी डबी पाहिली, उघडली, एक काळी माशी बोटावर घेऊन उजेडांत फिरवली आणि म्हणाला, "ह्याला आमच्याकडं काय लागणार? पण केलंय झकास." पुतण्यानें ती माशी त्याला देऊन टाकली.